जुनी मालिका ओटीटीवर का सापडत नाही, आणि सापडली की आपण ती पुन्हा पुन्हा का बघतो

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो, अरे ती अमुक मालिका कुठे बघायला मिळेल रे. कधी मावशी विचारते, कधी काका, कधी अमेरिकेत गेलेली चुलत बहीण. उत्तरंही ठरलेली, युट्यूबवर बघ, झी५ वर असेल, आता नाही मिळत कुठे. मला या प्रश्नाचं फार कुतूहल वाटत आलंय कारण त्यात दोन प्रश्न गुंतलेत. एक म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीची मालिका आज मोबाइलवर येते ती नेमकी येते कशी आणि काही मालिका येतच का नाहीत. आणि दुसरा, हाताशी हजारो नवीन गोष्टी असताना माणूस रात्री जेवण झाल्यावर शेवट पाठ असलेली जुनी मालिकाच का लावतो. दोन्हींची उत्तरं किचकट आहेत, कायदा येतो, टेपांचं शास्त्र येतं, थोडं मानसशास्त्र येतं, पण साध्या शब्दांत सांगता येतात.

आधी दुसरा प्रश्न घेऊ.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि २८ मार्चला दूरदर्शनने रामानंद सागर यांचं रामायण पुन्हा दाखवायला सुरुवात केली, सकाळी ९ आणि रात्री ९. महाभारत डीडी भारतीवर लागलं. १३ एप्रिलला तर डीडी रेट्रो नावाचं वेगळं चॅनलच काढलं. १६ एप्रिलच्या रामायणाच्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक मिळाले असं दूरदर्शनने जाहीर केलं, हा जागतिक विक्रम आहे असंही म्हटलं गेलं, विक्रमाच्या दाव्यावर नंतर बराच वाद झाला कारण अमेरिकेत १९८३ मध्येच एका मालिकेच्या शेवटच्या भागाला दहा कोटींवर प्रेक्षक होते. तो वाद बाजूला ठेवला तरी कोट्यवधी लोकांनी अशी गोष्ट बघितली जिचा शेवट त्यांना लहानपणापासून माहीत होता. म्हणजे पुढे काय होणार हे कळावं म्हणून कोणीच बघत नव्हतं. मग बघत कशासाठी होते?

नॉस्टॅल्जिया हा शब्द आपण आता सहज वापरतो पण १६८८ मध्ये जोहानेस होफर नावाच्या स्वित्झर्लंडमधल्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने तो चक्क एका आजाराला दिला होता, घरापासून लांब राहणाऱ्या माणसांना होणारा आजार. पुढची दोनेकशे वर्षं डॉक्टर त्याच्याकडे तसंच बघत होते. आता मत बरोबर उलटं झालंय. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठातले टिम विल्डशट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये यावर एक महत्त्वाचं संशोधन मांडलं. त्यात दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली, माणूस एकटा असतो, मन खाली गेलेलं असतं, तेव्हा अशा आठवणी जास्त वर येतात आणि त्या आल्या की मन सावरायला मदत होते. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, या आठवणींच्या मध्यभागी आपण स्वतः असतो आणि आजूबाजूला आपली जवळची माणसं असतात.

हे वाचल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. कुणालाही विचारा, तुला महाभारतातलं काय आठवतं, तर तो भीष्माच्या शरपंजराच्या आधी सांगेल की आमच्याकडे टीव्ही नव्हता, आम्ही शेजारी देशपांड्यांकडे जायचो, चपला दाराबाहेर काढायला जागा नसायची, आजी पडद्याला हात जोडायची. लॉकडाऊनमध्ये माणसं एकमेकांपासून तुटली होती, भीती होती, म्हणजे संशोधकांनी सांगितलेली कारणं सगळीच्या सगळी एकाच वेळी हजर होती, आणि अशा वेळी बरोबर तीच मालिका समोर आली. लोकांनी ती डोक्यावर घेतली यात मला काहीच नवल वाटत नाही.

आता वयाचा मुद्दा. मानसशास्त्रात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आलीये, माणसाला म्हातारपणी आयुष्यातलं काय आठवतं ते विचारलं तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त निघतात. त्या काळात सगळं पहिल्यांदा घडत असतं, पहिलं कॉलेज, पहिली नोकरी, पहिलं प्रेम, आणि आपण कोण आहोत हे तेव्हाच ठरत असतं. म्हणून प्रत्येक पिढीचा जुना काळ वेगळा असतो. माझ्या आईच्या पिढीला मुंबई दूरदर्शनचा गजरा आणि चिमणराव-गुंड्याभाऊ, त्यातले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. त्यानंतरच्यांना हम लोग, नुक्कड, मालगुडी डेज, वागले की दुनिया. आणि ज्यांचं शाळा-कॉलेज २००० च्या आसपास झालं त्यांच्यासाठी आभाळमाया, श्रीयुत गंगाधर टिपरे, वादळवाट. टिपऱ्यांचे आबा आणि चिमणराव हे एकाच नटाने केलेत, म्हणजे एकाच माणसाच्या चेहऱ्यावर दोन पिढ्यांचं लहानपण आहे, हे मला फार सुंदर वाटतं.

अजून एक कारण आहे आणि ते त्या काळच्या टीव्हीतच होतं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं. कितीतरी वर्षं चॅनल एकच. साप्ताहिकी नावाचा कार्यक्रम असायचा ज्यात येत्या आठवड्यात काय लागणार ते सांगायचे, म्हणजे टीव्हीवर काय आहे हे कळायलासुद्धा टीव्हीच बघावा लागायचा. गुरुवारचं छायागीत चुकलं की चुकलं, पुढच्या गुरुवारपर्यंत थांबा. रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललं, ७८ भाग, म्हणजे दीड वर्षाच्या रविवार सकाळी त्यात गेल्या. आठवडाभर थांबायचं, मग सगळ्यांनी एकाच वेळी बघायचं, मग पुढचा आठवडा त्यावर बोलायचं. शाळेत, बसमध्ये, नळावर. एक भाग इतक्या वेळा मनात फिरायचा की तो पक्का बसायचा. स्ट्रीमिंगवर भाग परत मिळतो, पण ते थांबणं आणि ती एकच वेळ परत मिळत नाही, आणि बऱ्याच जणांना पहिले दोन भाग बघून मन भरत नाही, काहीतरी कमी वाटतं, ते हेच असतं.

तरी आपण बघतो. कारण नवीन मालिका निवडणं हे एक काम आहे. कुठली चांगली, किती सीझन, कोण मरणार, पोरांसमोर लावता येईल का. दिवसभर ऑफिसमध्ये निर्णय घेऊन आलेल्या माणसाला रात्री अजून एक निर्णय नको असतो. जुन्या मालिकेत धोका नाही. क्रिस्टेल रसेल आणि सिडनी लेव्ही या दोन अभ्यासकांनी २०१२ मध्ये तीच पुस्तकं पुन्हा वाचणाऱ्या, तेच सिनेमे पुन्हा बघणाऱ्या, त्याच जागी पुन्हा जाणाऱ्या लोकांशी सविस्तर बोलून लिहिलंय की लोक हे नुसत्या सवयीने करत नाहीत, आपण तेव्हा कुठे होतो आणि आता कुठे आलो हे त्यातून ते तपासत असतात. मला हे पटतं. टिपरे पहिल्यांदा बघताना मी घरातल्या मुलाच्या, शिऱ्याच्या बाजूने होतो, आता बघताना त्याचे आईवडील शेखर आणि श्यामल यांची महिनाअखेरीची ओढाताण दिसते. मालिका तीच आहे, मी सरकलोय.

कंपन्यांना जुन्या मालिका का हव्या असतात

इथे पैशाचा हिशोब सुरू होतो आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तरही. अमेरिकेत नील्सन नावाची कंपनी कोण काय बघतं ते मोजते. २०२० मध्ये तिकडे स्ट्रीमिंगवर सगळ्यात जास्त बघितलेली मालिका होती द ऑफिस, ५७ अब्ज मिनिटं, आणि ती मालिका संपली होती २०१३ मध्ये. २०२३ मध्ये पहिली आली सूट्स, तीही २०१९ लाच संपलेली. म्हणजे कोट्यवधी डॉलर खर्चून बनवलेल्या नव्या मालिका राहिल्या बाजूला आणि लोक जुनंच बघत बसले. ओटीटीवाल्यांचं गणित असं असतं, नवीन मालिका माणसाला ॲपमध्ये आणते पण ती चार दिवसांत संपते, आणि मग तो माणूस सबस्क्रिप्शन बंद करतो. दोनशे-तीनशे भागांची जुनी मालिका त्याला महिनोन्महिने धरून ठेवते. बनवण्याचा खर्च आधीच कोणीतरी केलेला असतो. म्हणून मागणी आहे, पैसा आहे, इच्छाही आहे.

मग आपल्या मालिका का येत नाहीत? कारण मालिका कुणाची आहे हाच प्रश्न अनेकदा सुटलेला नसतो.

दूरदर्शनवरच्या सगळ्या मालिका दूरदर्शनच्या असतात असं आपल्याला वाटतं पण तसं नव्हतं. ढोबळ दोन प्रकार धरा. एकात दूरदर्शन पैसे देऊन मालिका बनवून घ्यायचं, हक्क दूरदर्शनकडे. श्याम बेनेगल यांची भारत एक खोज ही ५३ भागांची मालिका या जातीतली, म्हणूनच ती आज दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या युट्यूब चॅनलवर निवांत बघता येते, आणि ज्यांनी नसीरुद्दीन शाह यांचे शिवाजी महाराज आणि ओम पुरींचा औरंगजेब बघितलेला नाही त्यांनी कृपा करून बघावा. दुसऱ्या प्रकारात निर्माता स्वतः मालिका बनवायचा, प्रायोजक पैसे घालायचे, निर्माता दूरदर्शनला प्रक्षेपणाची फी द्यायचा आणि बदल्यात जाहिरातींची वेळ त्याला मिळायची. इथे मालकी निर्मात्याकडे. रामायण असं सागर कुटुंबाच्या कंपनीचं. त्यामुळेच २०२० मध्ये ते पुन्हा दाखवायच्या आधी प्रसार भारतीला हक्कदारांशी बोलणी करावी लागली, स्वतःच्याच चॅनलवर गाजलेली मालिका असूनसुद्धा.

आता कल्पना करा, दुसऱ्या प्रकारातला एखादा छोटा मराठी निर्माता, ज्याने १९८९ मध्ये तेरा भाग केले. कंपनी बंद पडली. तो वारला. मुलं वेगळ्या धंद्यात, करार कुठल्या ट्रंकेत आहे माहीत नाही, लेखकाशी बोलणं तोंडी झालेलं. आज कुठलाही ओटीटीवाला ही मालिका घेताना विचारणार की कागद दाखवा. कागद नाही तर मालिका नाही. मालिका वाईट होती म्हणून नाही गेली ती, सही सापडली नाही म्हणून गेली.

कागद सापडला तरी पुढे कायदा उभा असतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात असं आहे की हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरायचा. शिवाय २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं त्याचे हक्क त्या करारातून आपोआप जात नाहीत, जोवर त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल. ही तरतूद दुरुस्तीनंतरच्या करारांसाठी आहे, पण जुन्या करारांतसुद्धा भांडण नेमकं याच मुद्द्यावर होतं, की १९८८ मध्ये सही करताना लेखकाने "टीव्ही" म्हणून जे दिलं त्यात इंटरनेट धरायचं का. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना गाण्याच्या रॉयल्टीत वाटा पक्का केला, तो त्यांना लिहूनसुद्धा सोडता येत नाही. माझ्या मते हे योग्यच झालं, या लोकांना वर्षानुवर्षं काही मिळालं नव्हतं. पण याचा अर्थ जुनी मालिका बाहेर काढताना हिशोब करायची माणसं वाढली, आणि छोट्या मालिकेच्या कमाईत तेवढा हिशोब परवडत नाही.

आणि मालिका "आली" म्हणजे कायमची आली असंही नसतं. ओटीटीवर जी मालिका दिसते ती बऱ्याचदा भाड्याने राहत असते, आपल्याकडे फ्लॅटचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट असतं तसं, मुदत संपली आणि मालकाला दुसरीकडे जास्त भाडं मिळालं की सामान उचलायचं. फ्रेंड्स या अमेरिकन मालिकेचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल, २०१९ च्या एका वर्षासाठी नेटफ्लिक्सने दहा कोटी डॉलर मोजले अशा बातम्या होत्या, आणि २०२० मध्ये अमेरिकेत ती मालिका मालक कंपनीने स्वतःच्या नव्या ॲपवर नेली. करार देशादेशाचा वेगळा असतो म्हणून इथे पुण्यात दिसणारी मालिका न्यू जर्सीत बहिणीला दिसत नाही. तिचं ॲप बिघडलेलं नसतं, तिच्या देशापुरते हक्क कोणी घेतलेले नसतात.

याउलट झीचं बघा. अल्फा टीव्ही मराठी १५ ऑगस्ट १९९९ ला सुरू झालं, पुढे तेच झी मराठी झालं, आणि त्याच घरातलं झी५ हे ॲप २०१८ मध्ये आलं. चॅनलही त्यांचं, ॲपही त्यांचं, त्यामुळे २००० नंतरच्या मराठी मालिका बाहेर काढणं तुलनेनं सोपं. म्हणून मराठी आठवणींमध्ये एक विचित्र दरी पडलीये. चाळिशीच्या माणसाला त्याचं लहानपण बटणावर मिळतं आणि सत्तरीच्या माणसाला मिळत नाही, खरं तर वेळ सत्तरीच्या माणसाकडे जास्त आहे आणि गरजही.

गाण्यांचं तर वेगळंच दुखणं. छायागीत, चित्रहार हे कार्यक्रम म्हणजे सिनेमातली गाणी एकामागून एक. टीव्हीवर एकदा दाखवायची परवानगी वेगळी आणि ॲपवर कायम ठेवायची वेगळी, एका भागात पाच-सहा गाणी, प्रत्येकाचा मालक निराळा. हे कार्यक्रम जसेच्या तसे परत येणं फार अवघड आहे. परदेशात तर डॉसन्स क्रीक नावाच्या मालिकेचं शीर्षकगीतच स्ट्रीमिंगवर बदललेलं होतं, मूळ गाण्याचा प्रश्न सुटत नव्हता म्हणून, आणि २०२१ मध्ये ते परत आलं तेव्हा त्याची बातमी झाली. आपल्याला हे पटकन कळेल. अशोक पत्कींचं संगीत काढून गोट्या मालिका दाखवली तर ती गोट्या राहील का? बीज अंकुरे अंकुरे ऐकलं की पोटात काहीतरी होतं ते दृश्य दिसायच्या आधी होतं. आभाळमाया आणि वादळवाट यांच्या चालीही पत्कींच्याच. म्हणून एक आग्रहाची विनंती, जुनी मालिका बघताना ते "स्किप इंट्रो" बटण दाबू नका. आठवणीचं दार बऱ्याचदा त्या दीड मिनिटातच असतं.

टेप

समजा हक्क मिटले. आता मुळात मालिका शिल्लक आहे का?

सुरुवातीच्या काळात बरंच काही थेट प्रक्षेपित व्हायचं, रेकॉर्ड व्हायचंच नाही. जे व्हायचं ते जाड चुंबकीय टेपवर, आणि टेप महाग, म्हणून कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा रेकॉर्ड करायचा ही जगभरची पद्धत होती. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेने डॉक्टर हू या मालिकेचे कितीतरी भाग असेच पुसले, पुसलेल्यांपैकी काही पुढे दुसऱ्या देशांतल्या चॅनलांच्या गोदामांत मिळाले, तरी १९६० च्या दशकातले ९० हून जास्त भाग अजून सापडलेले नाहीत. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. कार्यक्रम ही जपायची वस्तू आहे हेच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं, वर्तमानपत्रासारखं आजचं आज.

ज्या टेपा राहिल्या त्यांना वय आहे. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कण, आणि ते कण पट्टीला धरून ठेवणारा एक चिकट थर. हा थर हवेतली ओल पितो आणि सुटायला लागतो, टेप चिकट होते, मशीनमध्ये चालवली की कण खरवडून निघतात, म्हणजे बघता बघता कार्यक्रम पुसला जातो. वर बुरशी. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात हे किती वेगाने होत असेल ते ज्याने कपाटातली पुस्तकं वास मारताना बघितलीत त्याला सांगायला नको. थंड, कोरड्या खोलीत ठेवलेली टेपसुद्धा साधारण २०-३० वर्षं टिकते असं धरतात. आणि टेप चांगली असली तरी ती वाजवणारी मशीन कुठंयत? युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने आणि दृक्श्राव्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये जगभर इशारा दिला होता की २०२५ च्या सुमारास मशीन, सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसं संपत येतील, त्याआधी टेपा डिजिटल करा. ती वेळ आता आलेली आहे.

प्रसार भारती यावर काम करतंय, जुना संग्रह युट्यूबवर येतोय, २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात वेव्हज नावाचं त्यांचं स्वतःचं ओटीटीही सुरू झालं. चांगली गोष्ट आहे आणि मी मनापासून खूश आहे. पण मला वाटतं मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांच्या मराठी कार्यक्रमांची एक पूर्ण यादी लोकांसमोर यायला हवी, काय शिल्लक आहे, काय गेलं, कशाचे अर्धे भाग आहेत. हे कार्यक्रम लोकांच्या पैशातून झालेत. यादी समोर आली तर कुणाच्या तरी घरी एखादी कॅसेट निघेलही.

चित्राच्या दर्जाबद्दलही थोडं सांगतो कारण मोठ्या टीव्हीवर जुनी मालिका लावली की हमखास तक्रार येते, किती धूसर आहे. मालिका फिल्मवर शूट झाली असेल तर तीच निगेटिव्ह आज नव्याने स्कॅन करून चकाचक चित्र मिळतं, फ्रेंड्स एवढी स्वच्छ दिसते ती त्यामुळे. पण व्हिडिओ टेपवर शूट झाली असेल तर आपल्याकडच्या पद्धतीत चित्राच्या दिसणाऱ्या रेघा ५७६ च, त्यात नसलेला तपशील कुठून आणणार. सॉफ्टवेअर तो अंदाजाने भरतं आणि मग चेहरे मेणाचे दिसायला लागतात. मला तरी धूसर पण खरं चित्र चालतं. दुसरं म्हणजे जुना पडदा चौकोनी होता, रुंदी चार तर उंची तीन. आताचा पडदा लांबट. काही ठिकाणी तो भरावा म्हणून चित्राचं डोकं आणि पाय कापतात. साइनफेल्ड ही अमेरिकन मालिका नेटफ्लिक्सवर २०२१ मध्ये आली तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात खड्डाच कापला गेला होता. त्यामुळे बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र ताणू नका, त्या पट्ट्या म्हणजे पूर्ण चित्र मिळतंय याची खूण आहे.

अजून एक गोष्ट हरवते ती म्हणजे मधलं सगळं. जाहिराती, "व्यत्यय", निवेदिकेची ओळख, दोन कार्यक्रमांमध्ये लावायच्या छोट्या फिल्म. १९७४ मध्ये विजया मुळे यांनी केलेली एक अनेक और एकता, ती चिमण्यांची आणि जाळं उचलण्याची ॲनिमेशन फिल्म, ही अशीच मधे लागायची आणि एका पिढीला ती अख्खी पाठ आहे. ओटीटी फक्त मालिका विकत घेतं, मधलं कुणाचंच नसतं. त्यातलं आज जे थोडंफार बघायला मिळतं त्यातलं बरंचसं लोकांनी घरी व्हीसीआरवर केलेल्या रेकॉर्डिंगमधून आलंय.

बघायचं कसं

जुनं सगळंच आज गोड लागत नाही हेही सांगायला हवं. हम लोगचा विचार वसंत साठे माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना १९८२ मध्ये मेक्सिकोत गेले तेव्हाचा, तिकडे मालिकांमधून कुटुंब नियोजनासारखे विषय लोकांपर्यंत नेत होते, तेच इथे करायचं ठरलं. त्यामुळे भागाच्या शेवटी अभिनेते अशोक कुमार येऊन समजावून सांगतात ते आज थोडं शिकवणी घेतल्यासारखं वाटतं. काही विनोदी मालिकांमध्ये जाड माणसावर, बायकोवर केलेले विनोद आता खुपतात. मुलांबरोबर बघत असाल तर थांबवून बोला, तेव्हा असं चालायचं आणि आता का चालू नये. माझ्या अनुभवात मुलं हे छान समजून घेतात, त्यांना कंटाळा येतो तो वेगाचा. एकच दृश्य चार मिनिटं चालतं.

दीडपट वेगाने बघू नका. आणि एका रात्रीत दहा भागही नको. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये विद्यार्थ्यांच्या तीन गटांना एकच मालिका दाखवली, एका गटाला सलग, एकाला रोज एक भाग, एकाला आठवड्याला एक. सलग बघणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आठवत होतं पण पुढे तेच सगळ्यात लवकर विसरले, आणि मालिका आवडल्याचंही त्यांनी कमी सांगितलं. म्हणून घरात ठरवून टाका, रविवारी सकाळी एक भाग, सगळ्यांनी मिळून. बहीण अमेरिकेत असेल तर वेळ जुळवून तिलाही फोनवर घ्या, तिच्याकडे शनिवारची रात्र असेल.

आणि आई-बाबांच्या माळ्यावर व्हीएचएस कॅसेटचं खोकं असेल तर ते या दिवाळीच्या साफसफाईत भंगारात देऊ नका. लग्नाच्या कॅसेटवर उरलेल्या जागेत कुणीतरी टीव्हीवरचं काहीतरी रेकॉर्ड केलेलं असतं, बहुतेक घरांत असतंच. कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवा, आडवी नाही, टीव्ही आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, तशी कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही, कॅसेट फाटते आणि मशीनही खराब होतं, आधी माहितगाराकडून साफ करून घ्यायची. घरगुती व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आता जी मशीन चालू आहेत तेवढीच आहेत. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांकडे विचारा, लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्यांपैकी काहींकडे अजून चालू व्हीसीआर असतो आणि ते कॅसेट पेन ड्राइव्हवर करून देतात. देताना सांगायचं, फक्त लग्न नको, कॅसेट शेवटपर्यंत चालवा, मधल्या जाहिराती आल्या तरी कापू नका.